पाचवी ओळ

चष्मेमामांना जगात दोनच गोष्टींची भीती वाटायची. एक, भिंग घासताना कडेला चरा पडण्याची आणि दुसरी, चार माणसांसमोर उभं राहून बोलण्याची. पहिलीवर त्यांनी हाताच्या जोरावर मात केली होती. दुसरीपुढे मात्र तरुणपणीच हात टेकले होते, आणि त्याची गोष्ट अख्ख्या चर्चला ठाऊक होती.

झालं असं होतं, की एका रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी विचारलं, "आज साक्ष कोण देणार? प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते कोण उठून सांगणार?" मामांचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. नव्या बायकोपुढे पराक्रम गाजवावा म्हणून ते उठले. घरी आरशासमोर दहा वेळा म्हणूनही पाहिलं होतं. पण इतके डोळे एकदम आपल्याकडे वळलेले पाहिले, आणि त्यातले निम्मे आपणच केलेल्या चष्म्यांतून बघतायत हे लक्षात आलं, तशी त्यांची जीभ टाळ्याला चिकटली. "मी..." एवढं म्हणाले. मग बराच वेळ काहीच नाही. मग "मी चष्मे करतो," असं सांगून ते मटकन खाली बसले. मामी तेव्हा मान खाली घालून जे हसल्या, ते हसू आजतागायत पुरतं संपलेलं नाही.

पण मामींनीच वाटही दाखवली. घरी आल्यावर म्हणाल्या, "तोंडाने जमत नाही ना? मग हाताने द्या साक्ष. देवाला काय, लिहिलेलंही चालत असेल."

मामांनी ते मनावर घेतलं. जवळची नजर तपासायला गिऱ्हाइकाच्या हातात एक कार्ड देतात. त्यावर पाच ओळी असतात, पहिली ठसठशीत आणि मग प्रत्येक ओळ आधीच्यापेक्षा बारीक. कितव्या ओळीपर्यंत वाचता येतं त्यावर भिंगाचा नंबर ठरतो. मामांनी बाजारातलं कार्ड बाजूला ठेवलं, आपली स्वतःची पाच वाक्यं रचली आणि छापून आणली. पहिली ओळ होती, 'घाबरू नकोस.' दुसरी, 'देवाला तू ठाऊक आहेस.' तिसरी, 'तुझं चुकलं असलं तरी दार उघडं आहे.' चौथी, 'येशूने ज्यांना जवळ केलं, त्यांना आधी कुणी विचारत नव्हतं.' आणि पाचवी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांतली, 'ज्याच्याशी बोलणं तुटलं आहे, त्याच्या दारात आज तूच आधी जा.'

ते कार्ड तपासणीच्या खुर्चीशेजारी खिळ्याला दोरीने टांगलं, त्याला आता छत्तीस वर्षं झाली होती. मामांनी कुणाला कधी एका शब्दाने उपदेश केला नाही. गिऱ्हाईक आलं की लांबच्या तक्त्यावर नजर तपासायची, तपासणीची गोल फ्रेम नाकावर चढवायची, कार्ड हातात द्यायचं आणि म्हणायचं, "वाचा मोठ्याने." त्यांच्या मते त्यांची साक्ष तेवढीच, आणि ती ते दिवसाला दहा-बारा वेळा देत होते.

या कार्डापायीच त्यांचं सख्ख्या भावाशी वाजलं होतं. धाकटा भाऊ आधी त्याच दुकानात होता. दादा नजर तपासायचा, हा भिंगं घासायचा, आणि दोघांचं सतरा वर्षं दृष्ट लागण्यासारखं चाललं होतं. मग एक दिवस धाकटा म्हणाला, "दादा, ते कार्ड आता बदल. सगळ्यांना पाठ झालंय."

मामांचा पारा एकदम चढला. "प्रभूचा शब्द दुकानातून काढायला सांगतोस?"

"कार्ड बदल म्हणतोय मी, धर्म नाही!"

पुढचं ऐकायला मामा थांबलेच नाहीत. शब्दाने शब्द वाढला, आणि महिन्याभरात धाकट्याने बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे आपलं दुकान थाटलं. एकोणीस वर्षं झाली, दोघांच्या काचा एकमेकांकडे तोंड करून उभ्या होत्या आणि दोघे भाऊ एकमेकांकडे पाठ करून. रविवारी मामा चर्चमध्ये उजवीकडच्या बाकांवर बसत, धाकटा डावीकडच्या. पाळकसाहेब म्हणत, "उठा, शेजाऱ्याचा हात हातात घ्या आणि त्याला शांती असो म्हणा," तेव्हा दोघेही आपापल्या बाजूच्या खांबापर्यंत जात, वाटेत सापडेल त्याचा हात हलवत आणि परत येत. त्या दोन खांबांना या घराण्याकडून फार शांती मिळाली.

आता मामांची एकुलती एक लेक नजर तपासण्याचं रीतसर शिक्षण घेऊन परत आली होती. तिने खुर्चीसमोर नवं यंत्र बसवलं, मामांनी भिंगं घासायची आणि तिने नजर तपासायची अशी वाटणी झाली, आणि मामा मनातून सुखावले. पण हे सुख जेमतेम तीन आठवडे टिकलं.

चौथ्या सोमवारी शिंपीणबाई एक शर्ट घेऊन तणतणत आल्या. पायरीवरूनच त्यांनी शर्ट फडकवला. "मामा, हे बघा तुमच्या नव्या चष्म्याचे प्रताप. दोन्ही बाह्या डाव्या लागल्या! गिऱ्हाईक मला विचारतंय, बाई, माझा उजवा हात कुठे गेला?"

"या मावशी, बसा," लेक म्हणाली. तिने बाईंना खुर्चीत बसवलं आणि त्यांच्या हातात कार्ड दिलं. बाईंनी पाचही ओळी घडाघडा वाचल्या.

लेकीच्या कपाळाला आठी पडली. तिने कार्ड घेतलं, गुपचूप उलटं केलं, अक्षरांची डोकी खाली आणि पाय वर, आणि परत हातात दिलं. "पुन्हा एकदा वाचा."

"घाबरू नकोस. देवाला तू ठाऊक आहेस. तुझं चुकलं असलं तरी..." बाई पाचव्या ओळीच्या पूर्णविरामापर्यंत कुठे ठेच न लागता पोचल्या.

"मावशी, कार्ड उलटं आहे."

"अगं बाई!" शिंपीणबाईंनी कार्ड डोळ्यांना लावलं. "तरीच म्हटलं आज जरा पुसट दिसतंय."

आतल्या अर्ध्या पडद्याआड मामांचं भिंग घासायचं चाक थांबलं.

बाई गेल्यावर लेक पडदा सारून आत आली. "बाबा, त्यांना कितीतरी वरचा नंबर हवाय. त्या वाचत नाहीत, म्हणून दाखवतात. पाळी येईपर्यंत दुकानातल्या बाकावर बसून बसून प्रत्येकाने ते दहादा ऐकलंय. हे कार्ड खाली उतरवा."

"कार्ड उतरणार नाही."

"मग मी इथे बसणार नाही. मोठ्या दवाखान्यातून मला बोलावणं आलंय. चुकीच्या नंबरावर माझ्या हाताने सही होणार नाही."

मामांच्या पायाखालची जमीन सरकली. लेक गेली तर दुकान गेलं. आणि कार्ड गेलं तर? त्यांच्याकडे दुसरं होतं काय? चर्चमध्ये कुणी गाऊन देवाची सेवा केली, कुणी आजाऱ्यांना भेटून, कुणी गावोगाव बोलून. यांनी पाच ओळी छापल्या होत्या. त्याही लोकांचे डोळे बिघडवायच्याच कामी आल्या असतील, तर छत्तीस वर्षांचं झालं काय, हे विचारायला ते कुणाकडे जाणार होते?

"आठ दिवस दे," ते कसंबसं म्हणाले. "या वर्षी ज्यांना चष्मे दिले त्यांना बोलाव. तुझं खरं ठरलं, तर मी माझ्या हाताने उतरवतो."

लेकीने रातोरात नव्हे, दुपारच्या चहाच्या आत नवं कार्ड लिहून काढलं. आकार तोच, दोरी तशीच, ओळी पाचच, पण मजकूर वेगळा. 'तळ्यात दोन बदकं पोहत होती. त्यातलं एक लंगडं होतं,' अशी त्याची सुरुवात होती.

"पोहणारं बदक लंगडं आहे, हे बघणाऱ्याला कळलं कसं?" मामा कुरकुरले. त्यांना त्या बदकांचा आतापासूनच राग आला होता.

पहिला आला तो पोस्टमन. निवृत्तीला टेकलेला, बडबड्या. लेकीने बदकांचं कार्ड हातात देताच त्याने ते हातभर लांब धरलं, डोळे बारीक केले आणि सुरू झाला, "घाबरू नकोस. देवाला तू ठाऊक आहेस."

"काका, यात बदकं आहेत."

"बदकं?" पोस्टमनने कार्ड नाकाशी आणलं. "मामांनी बदकं कधीपासून घातली?"

लेकीला हसू आवरेना. "तुम्हाला हे सगळं पाठ कसं हो? तुम्ही तर चर्चला येतही नाही."

"नाही येत, मामांना माहीत आहे. पण तिसरी ओळ माझ्या उपयोगी पडलीय, पोरी." पोस्टमनचा आवाज जरा खाली आला. "माझा मुलगा भांडून घर सोडून गेला होता. दोन वर्षांनी एक दिवस दारात येऊन उभा राहिला. मी दोन वर्षं शिव्या साठवून ठेवल्या होत्या, एकसे एक. तोंड उघडलं आणि बाहेर काय यावं? 'तुझं चुकलं असलं तरी दार उघडं आहे.' माझं मलाच कळेना, हे कोण बोललं! आता नातवंडं घर डोक्यावर घेतात. बघायचंय त्यांच्याकडे, तर तेवढा नंबर बरोबर दे."

पडद्याआड मामांचं चाक पुन्हा थांबलं होतं. त्यांनी डोळे पुसले आणि हाताला लागलेली भिंगाची पूड डोळ्यात गेली, त्यामुळे नंतरचं रडणं कशाचं हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग आठवडाभर हेच. शाळेतल्या बाई आल्या, बेकरीवाला आला, सगळ्यांनी बदकांकडे बघून 'घाबरू नकोस' म्हटलं. बँकेचा रखवालदार आला, तो तर कार्ड हातात घ्यायच्या आधीच चौथ्या ओळीपासून सुरू झाला. "ही माझी ओळ," तो म्हणाला. "मला कधी कुणी विचारलं नव्हतं, म्हणून बघायला गेलो हा येशू कोण ते." तो गेली बारा वर्षं दर रविवारी तिसऱ्या बाकावर बसत होता. मामा त्याला दर वेळी पाहत होते, पण तू इथवर कसा आलास हे विचारायला तोंड उघडावं लागतं, आणि तिथेच मामांचं घोडं अडायचं.

मामांची अवस्था विचित्र झाली. प्रत्येक गिऱ्हाइकागणिक त्यांची लाज वाढत होती, कारण नंबर खरोखरच चुकले होते. आणि प्रत्येक गिऱ्हाइकागणिक ऊर भरूनही येत होता. एकाच वेळी शरमेने मान खाली आणि आनंदाने वर, अशी कसरत त्यांच्या मानेला नवी होती. तरी त्यांनी कामात कुचराई केली नाही. ज्याचा नंबर चुकला त्याला नवी भिंगं, आणि वर "माझं चुकलं" हे दोन शब्द. बोलायला भिणाऱ्या माणसाने आठवड्यात पंचवीस वेळा ते म्हटले, म्हणजे जिभेला बरीच सवय झाली.

शनिवारी शिंपीणबाई नवा चष्मा न्यायला आल्या. घालून त्यांनी आधी आपली नखं बघितली, मग मामांचा शर्ट बघितला आणि म्हणाल्या, "कॉलर कुणी शिवली ही? वाकडी आहे." म्हणजे चष्मा बरोबर होता. जाता जाता त्या पायरीवर थांबल्या.

"मामा, त्या पाचव्या ओळीने मला फार छळलं हो. थोरल्या बहिणीशी माझा अबोला होता, अकरा वर्षांचा. दर खेपेला तुम्ही ती वाचायला लावायचात आणि मी घरी जाऊन दोन दिवस धुसफुसायची. शेवटी गेले एकदाची. आता ती पाठ सोडत नाही, रोज फोन." त्या हसल्या आणि सहज विचारलं, "तुम्ही कुणाकडे गेला होतात?"

"अं?"

"म्हणजे, ओळ तुम्हीच लिहिलीत ना? कुणाकडे तरी गेला असाल, म्हणून सुचली असेल."

मामांनी बाईंकडे पाहिलं. बाईंच्या खांद्यावरून रस्ता दिसत होता आणि रस्त्यापलीकडे समोरची काच. बाईंना घाई होती, त्या उत्तराला न थांबता निघून गेल्या.

"बाबा, आता तुम्ही राहिलात," लेक म्हणाली. "बसा खुर्चीत."

"माझे डोळे ठणठणीत आहेत. दर सहा महिन्यांनी मी स्वतः तपासतो."

"कशावर?"

मामा खुर्चीत बसले, कार्ड हातात घेतलं आणि ऐटीत पाचही ओळी वाचून दाखवल्या. मुंगीच्या पायाएवढी पाचवीसुद्धा. "काय? आहे का कुणाची अशी नजर?"

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते हसण्याचं होतं असं तिने नंतर सांगितलं. "बाबा," ती म्हणाली, "तुमच्या हातात बदकं आहेत."

मामांनी कार्ड जवळ नेलं, लांब नेलं, चष्मा पुसला. बदकं काही दिसेनात. करड्या ढगात काळ्या रेघा होत्या. गेली दोन वर्षं दुकानातले दिवे मंद येतात म्हणून त्यांनी तीनदा बल्ब बदलले होते आणि बल्बवाल्याशी भांडले होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. आणि शिंपीणबाईंचा प्रश्न अजून पायरीवरच उभा होता.

मामा उठले. खिळ्यावरून आपलं जुनं कार्ड त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवलं. दोरी खिळ्याच्या डोक्याला अडकली, ती सोडवली. लेकीला वाटलं ते कपाटात ठेवतील. पण मामा कार्ड बगलेत मारून पायरी उतरले. "बाबा, कुठे?" तिने विचारलं. मामा म्हणाले, "येतो." रस्ता असा कितीसा रुंद होता! मामांनी मोजला नाही, पण मध्यावर ते थांबले आणि एका सायकलवाल्याने घंटा वाजवली म्हणूनच ते पुढे गेले.

धाकटा भाऊ एका फ्रेमचा दांडा बसवत होता. दार उघडलं तसं त्याने वर पाहिलं आणि त्याच्या हातातला बारीक स्क्रू जमिनीवर पडला. तो शोधायला कुणीच वाकलं नाही.

मामांनी तोंड उघडलं. "मी..." म्हणाले. मग बराच वेळ काहीच नाही. शेवटी त्यांनी बगलेतलं कार्ड काढलं, पाचव्या ओळीवर बोट ठेवलं आणि पुढे धरलं.

धाकट्याने कार्डाकडे पाहिलंसुद्धा नाही. तो दादाकडे बघत सावकाश म्हणाला, "ज्याच्याशी बोलणं तुटलं आहे, त्याच्या दारात आज तूच आधी जा." मग त्याने कार्ड हळूच बाजूला सारलं. "पाठ आहे रे. म्हणून तर सांगत होतो, बदल."

"तुझं बरोबर होतं," मामा म्हणाले. आठवड्याभराची सवय कामी आली. "माझं चुकलं. पाठ होती, तर मग तू का नाही आलास?"

"आलो होतो की! तीनदा तुझ्या पायरीपर्यंत आलो. दर वेळी तू आतून कुणाला तरी हीच ओळ वाचायला लावायचास, मोठ्याने. मला वाटायचं, मलाच ऐकवतोयस."

मामा बघतच राहिले. मग त्यांच्या पोटातून हसू आलं आणि ते खुर्चीत बसले. धाकटाही हसायला लागला. समोरच्या काचेतून लेक बघत होती. मामी दुकानात डबा घेऊन आल्या होत्या, त्याही बघत होत्या, आणि दोघींना इकडे नक्की काय चाललंय तेच कळेना.

"त्या दिवशी तू पुरतं ऐकलंच नाहीस," धाकटा डोळे पुसत म्हणाला. "मी म्हणणार होतो, दर वर्षी पाच नव्या ओळी लिही. एकोणीस वर्षांत किती झाल्या असत्या! पण तू पहिल्याच वाक्याला तापलास. बरं, आता आलायस तर ते डोळे बघू दे." त्याने दादाची हनुवटी वर केली, बॅटरी मारली. "दोन्हीकडे मोतीबिंदू. चांगला पिकलाय. दादा, तू दोन वर्षं नुसत्या पाठांतरावर दुकान चालवतोयस."

दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली तेव्हा दवाखान्यात त्यांचा हात धरून धाकटाच बसला होता. लेक दुकानातच राहिली. खिळ्यावर आता दर वर्षी नवं कार्ड लागतं, ओळी मामा लिहितात आणि बदकांना त्यात जागा नाही. जुनं कार्ड बाकावरच्या भिंतीला लावलंय, बसल्या बसल्या कुणी वाचलं तर वाचावं म्हणून.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रविवारी मामा मधल्या वाटेने आत आले आणि डावीकडे वळले. अख्ख्या चर्चने माना वळवल्या. पाळकसाहेबांनी नेहमीसारखं विचारलं, "आज साक्ष कोण देणार?" आणि मामा उठले. डोळे तेव्हासारखेच सगळे त्यांच्यावर होते. सगळे चेहरे स्वच्छ दिसत होते, हे आणखी वाईट. तिसऱ्या बाकावर रखवालदार होता. पलीकडे मामी होत्या, आणि त्यांनी हसायची तयारी करून ठेवली होती.

"मी चष्मे करतो," मामा म्हणाले.

जुनी माणसं गालात हसली. मामांनी खाली हात नेला आणि शेजारच्याला कोपराला धरून उभं केलं.

"आणि हा माझा भाऊ."

एवढं बोलून ते बसले. पण या वेळी मामी हसल्या नाहीत.